कूलंटच्या नावाखाली गुलाबी पाणी: डबा समोर फोडायला लावा

गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बदलून घेणार असाल तर रंग पाहून समाधान मानू नका. मला ज्यांनी फसवलं त्यांची सगळी मदार रंगावरच होती. कंपनीचं कूलंट गुलाबी, त्यांनी भरलेलंही गुलाबी. बाहेरून काडीचा फरक दिसत नव्हता.

गॅरेज नाशिकला अंबडच्या बाजूचं. डबा कंपनीचाच होता, पण आतून आणला तोच सील फुटलेला. "साहेब, ओरिजिनल माल आहे, पाच वर्षं बघायचं काम नाही," असं छातीठोकपणे सांगितलं. बिलावर 'कूलंट चेंज, फ्लशिंग – २,४०० रुपये' एवढंच. ना कंपनीचं नाव, ना पार्ट नंबर.

भर उन्हाळ्यात मुंबईहून परतताना कसारा घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला. गाडीत आई आणि मुलगा, पुढे कंटेनरची रांग. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला तेव्हा काटा जरा उतरला, पण इगतपुरीच्या अलीकडे बॉनेटखालून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेतली आणि इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. तुम्हीही लावू नका. आतलं उकळतं पाणी दाबाने तोंडावर उडतं.

गाडी टो करून पाथर्डी फाट्यावरच्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कूलंटच्या टाकीतला एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या (कूलंट किती दाट आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र) काचेवर टाकला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्हीच बघा." रेघ थेट पाण्याच्या खुणेवर! ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, नावालाही नाही. थर्मोस्टॅट (इंजिनात कूलंटचा प्रवाह उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) काढला तर त्यावर पांढरा क्षार आणि कडेने तांबडा गंज. बोअरच्या पाण्यात रंग कालवला होता. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप बदलावे लागले, इंजिनच्या दोन भागांमधलं सील, म्हणजे हेड गॅस्केट, थोडक्यात वाचली.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, पाणी चालतं की," असं सांगणारे बरेच भेटतात. निफाडचा पारा कितीही घसरला तरी आपला मुख्य प्रश्न गोठण्याचा नाही, उकळण्याचा आणि गंजाचा आहे. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं ग्लायकॉल असेल तर साधारण १०७ला, आणि झाकणाच्या दाबाने ही मर्यादा आणखी वर जाते. घाटात तोच फरक कामाला येतो. शिवाय ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवणारी रसायनं कूलंटमध्येच असतात.

रंगाला सर्वांसाठी एक असा नियम नाही, कोणता घालायचा ते बनवणारी कंपनी ठरवते. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं, ऑरगॅनिक ॲसिडवालं पाचेक वर्षं. जपानी आणि कोरियन गाड्यांना बहुतेक वेळा फॉस्फेटवालं लागतं, बऱ्याच युरोपियन गाड्यांना सिलिकेट मिसळलेलं. न जुळणारी दोन एकत्र झाली तर आयुष्य घटतं, कधी कधी आत चिकट गाळ धरतो. म्हणून दुकानात "हिरवं द्या, लाल द्या" न म्हणता मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार सांगा. डबा तयार मिश्रणाचा आहे की कॉन्सन्ट्रेटचा (पाणी मिसळून वापरायचं दाट कूलंट), हेही वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरच मिसळायचं. सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, आणि रिकामा डबा तिथे न सोडता फोडून टाका. माझ्या गाडीत ओतलं गेलं ते अशाच कुणाच्या तरी रिकाम्या डब्यातून, याबद्दल मला शंका नाही.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणे, "वाटेत तुम्हीच कुठेतरी पाणी घातलं असेल." मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि टाकीतलं पाणी बाटलीत भरून ठेवलंय. बिलावर कूलंटचं नाव असतं तर माझी बाजू कितीतरी पक्की झाली असती. अलीकडे तुमचं कूलंट बदललं असेल आणि डबा तुमच्यासमोर फोडला नसेल, तर घाट चढण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर असलेल्या कुठल्याही मिस्त्रीकडून तपासून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.