टॅपेट गप्प झाले, काम मात्र झालंच नव्हतं

माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनाचं काम एका वर्कशॉपकडून करून घेतलं. बिलावर पाच कामं होती. कॅमशाफ्ट ग्राइंड केला, टॅपेट नवे घातले, रॉकरचे बुश आणि शाफ्ट बदलले, व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो ते गाइड बदलले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या सीटला कडक रिंगा बसवल्या. पुढे इंजिन उघडलं तेव्हा यातलं एकही काम झालेलं सापडलं नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले होते. पुशरॉडच्या जमान्यातली गाडी, म्हणजे जिथे खालचा कॅमशाफ्ट टॅपेट, पुशरॉड नावाची उभी दांडी आणि वरचा रॉकर यांच्यामार्फत व्हॉल्व्ह उघडतो, ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, कारण ही फसवणूक कानाला बरी वाटते आणि त्यामुळे बराच काळ पचून जाते.

मूळ तक्रार टकटक आवाजाची. रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, म्हणजे गॅप, कितीही वेळा लावा, टॅपेट वाजायचेच. याचं कारण रॉकरच्या टोकाशी होतं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर वर्षानुवर्षं घासून तिथे खळगा पडतो. फट मोजायच्या फीलर गेजची सपाट पट्टी त्या खळग्यात उतरत नाही, दोन्ही काठांवर टेकून राहते. म्हणजे गेज ०.३० मिलिमीटर दाखवतो आणि खळगा ०.२० खोल असला तर प्रत्यक्षात गॅप अर्धा मिलिमीटर असतो. वर्कशॉपवाल्याने हे खळगे दाखवले, ‘वरपासून खालपर्यंत सगळंच झिजलंय’ म्हणाला, आणि ते खरं होतं. या लोकांचं निदान बहुतेकदा बरोबरच असतं. त्यावरच विश्वास बसतो.

गाडी परत आली तेव्हा आवाज पूर्ण बंद. आयडलला, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता, उभी असताना इंजिन चालू आहे की नाही ते वाकून ऐकावं लागायचं. आता माहीत आहे की त्याने काय केलं होतं. रॉकरची टोकं बाकावरच्या ग्राइंडरला लावून खळगे पुसले होते. त्या टोकांचा कडक थर अगदी पातळ असतो. तो निघून गेला की खालचं मऊ लोखंड भराभर झिजतं. मग ऑइल जाड भरलं, वरून कसलीतरी बाटली ओतली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गॅप जवळजवळ बंद करून टाकला.

गॅप कमी केला की आवाज जातो, हे कोणीही करू शकतं. पण इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो आणि त्या वाढीला जागा हवी म्हणूनच गॅप ठेवलेला असतो. जागा नसेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. हा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे? कड जळते. त्यात सीटच्या रिंगा घातल्याच नव्हत्या. जुन्या काळी पेट्रोलमधल्या शिशाचा थर सीटला वाचवायचा. शिसं नसलेल्या पेट्रोलवर मऊ सीट खात जाते, व्हॉल्व्ह इंजिनाच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, वर सरकतो आणि उरलासुरला गॅपही संपतो. एका खोट्या कामाने दुसऱ्याचं नुकसान वाढवलं.

काही महिन्यांनी गाडी आयडलला अडखळू लागली, चढावर दम टाकू लागली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहिलं तर एक सिलिंडर बाकीच्यांच्या निम्म्यावरही नव्हता. त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा पाहिलं, आकडा हलला नाही. पिस्टनच्या रिंगांचा दोष असता तर वाढला असता. म्हणजे व्हॉल्व्ह. या वेळी हेड दुसऱ्या, वयस्कर कारागिराकडे उघडलं आणि त्याने प्रत्येक भाग बाकावर मांडून दाखवला.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा तुकडा गेलेला. सीटभोवती रिंगेची गोल रेघ कुठेच नाही. रिंग ठोकून बसवली असेल तर तो बारीक सांधा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. गाइड जुनेच, फक्त आतून रोलर फिरवून धातू उचललेला. त्याने भोक काही काळ घट्ट होतं, निळा धूर थांबतो आणि मग पुन्हा सुरू होतो. शाफ्ट वरून चकचकीत होता. ‘आता उलटा करा,’ तो म्हणाला. रॉकरला एका टोकाने पुशरॉड वर ढकलतो, दुसऱ्या टोकाने स्प्रिंग, त्यामुळे शाफ्टची झीज नेहमी खालच्या अंगाला होते. तिथे नखाला लागेल अशी पायरी होती.

कॅमशाफ्टचं खोटं तर इंजिनाच्या बाहेरूनच दिसत होतं. तो काढायचा तर टायमिंग कव्हर उघडावं लागतं, आणि त्या बोल्टांच्या डोक्यांवरचा जुना रंग जसाच्या तसा होता. पुशरॉडवर डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवलं तर एका लोबची, म्हणजे कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याची, उचल बाकीच्यांपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर कमी भरली. टॅपेटही जुनेच. चांगल्या टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर असतो आणि लोबला किंचित उतार असतो, म्हणून चालताना टॅपेट स्वतःभोवती फिरतो. माझ्या टॅपेटच्या तळावर स्टीलची पट्टी ठेवली तर मधून उजेड दिसत होता. असा पोकळ झालेला टॅपेट फिरत नाही, एकाच जागी घासतो आणि लोब खाऊन टाकतो.

मग गाडी परत घेताना ‘तुमचे जुने टॅपेट’ म्हणून मिळालेली पिशवी काढली. त्यातले टॅपेट माझ्या इंजिनाच्या भोकात जातच नव्हते. जाडीच वेगळी!

पहिल्या वर्कशॉपवाल्याला जाब विचारल्यावर त्याने ऑइलकडे बोट दाखवलं. ‘हल्लीच्या ऑइलमध्ये झिंक नसतं, नवा कॅमसुद्धा टिकत नाही.’ यात निम्मं खरं आहे, म्हणून माणूस गप्प बसतो. २००४ साली आलेल्या एपीआय एसएम या ऑइलच्या दर्जाच्या श्रेणीत हलक्या ग्रेडच्या ऑइलमधल्या फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली गेली, आणि झिज रोखणाऱ्या झिंकच्या संयुगातूनच तो फॉस्फरस येतो. माझ्यासारख्या, रोलर नसलेल्या (‘सपाट’ म्हणतात त्या) टॅपेटच्या इंजिनांना याचा त्रास होतो. पण कॅमला हातच लावला नसेल तर नवा कॅम ऑइलने मेला हे कसं? आणि ते ऑइल भरलं होतं कोणी?

त्याची आणखी एक फुशारकी आता आठवते: कॅम बसवल्यावर इंजिन तासन्‌तास आयडलला चालवून ‘मुरवलं’ म्हणे. नवा कॅम आणि नवे टॅपेट घातले की लोबवर पेस्ट लावून इंजिन सुरू झाल्याबरोबर मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या पुढे, वीस ते तीस मिनिटं चालवतात, कारण लोबवर ऑइल क्रँकच्या शिंतोड्यांनी पोचतं आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. कोणाला काम देण्याआधी एवढं एकच विचारून बघा, की पहिली वीस मिनिटं इंजिन कसं चालवणार. उत्तरावरून माणूस कळतो.

गाडी सोडण्याआधी प्रत्येक लोबची उचल मोजून कागदावर घ्या आणि काम झाल्यावर तुमच्यासमोर पुन्हा मोजायला लावा. शाफ्टच्या टोकावर, रॉकरच्या बाजूवर, जिथे काही घासत नाही तिथे पंचने बारीक खूण करा, फोटो काढा. टायमिंग कव्हरच्या दोन बोल्टांवर रंगाचा ठिपका द्या. परत मिळालेले जुने भाग त्या खुणांशी ताडून पाहा. गाडी परत घेताना गार इंजिनावर व्हॉल्व्ह कव्हर काढायला सांगून गॅप स्वतः तपासा, मग इंजिन सुरू करून पुशरॉड फिरतात का ते बघा. जो या गोष्टींना चिडतो त्याच्याकडून गाडी तशीच परत आणा.

दुसऱ्या कारागिराने सगळी मापं लिहून, सही करून दिली आहेत. जळका व्हॉल्व्ह, शाफ्ट आणि ती परकी टॅपेटांची पिशवी माझ्याकडे आहे. पहिल्याला लेखी पत्र दिलं तर त्याचा निरोप आला, ‘गाडी घेऊन या, फुकट उघडून बघतो.’ गाडी नेणार नाही. भाग एकदा त्याच्या बाकावर गेले की माझ्याकडे दाखवायला काही उरणार नाही.