वेनलॉक एज: कड्याची वाट की रुळांची?

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या या चुनखडीच्या लांबलचक धारेवर मच वेनलॉक गावाजवळून दोन्ही वाटा धरता येतात.

खालची वाट जुन्या रेल्वेमार्गावरची. सपाट, सावलीची, वसंतात रानलसणाचा वास झाडीभर पसरलेला. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर हीच घ्या.

माझा जीव मात्र वरच्या वाटेत. चढ आहे, पावसात चिखल होतो. पण झाडी फाटते आणि खाली बंद पडलेली खाण उघडी दिसते. तिच्या दगडात सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे प्रवाळ आहेत. तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उथळ, उबदार समुद्राखाली होती! खाणीच्या काठाशी मुलांचा हात सोडू नका.