उपग्रहाने मोजलेला कार्बन डायऑक्साइड पडताळायचा कशाशी?

कार्बन डायऑक्साइड मोजणारा नासाच्या ओसीओ-2सारखा उपग्रह हवेचा नमुना घेत नाही. परावर्तित सूर्यप्रकाशातील शोषणावरून तो जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या स्तंभातील सरासरी प्रमाण काढतो. त्यामुळे गच्चीवरच्या विश्लेषकाचा आकडा कितीही अचूक असला, तरी तो त्याच्याशी थेट ताडता येत नाही. हे प्रमाण आज 420 पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे 420 रेणूंच्या) वर आहे आणि चूक मात्र 1 पीपीएमच्या आत, म्हणजे पाव टक्क्याहून कमी, हवी असते. पडताळणीचे साधन त्याहूनही काटेकोर लागते.

पहिला पर्याय टीसीकॉन या, जमिनीवरून तोच स्तंभ मोजणाऱ्या केंद्रांच्या जाळ्याचा आहे. 2004 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनमधील पार्क फॉल्स येथून त्याची सुरुवात झाली. सूर्याकडे रोखलेले त्याचे वर्णपटमापक (प्रकाशाचे तरंगलांबीनुसार विश्लेषण करणारी यंत्रे) अवजड आणि महाग असले, तरी नोंदी सर्वांना खुल्या आहेत. ज्यांना फक्त पडताळणी करायची आहे, त्यांनी यंत्र विकत घेण्याचा विचारही करू नये. उणीव जागेची आहे: उष्ण कटिबंधात केंद्रे विरळ आहेत.

ती पोकळी ईएम27/सन हे सुमारे 25 किलोचे, सूर्याकडेच रोखलेले यंत्र भरून काढते. शहराच्या दोन बाजूंना दोन यंत्रे मांडून वाऱ्यासोबत वाढलेले प्रमाण मोजता येते, जे स्थिर केंद्राला जमत नाही. मात्र त्याचे वर्णपटीय विभेदन (जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या ओळखण्याची क्षमता) पुष्कळ कमी असल्याने आधी टीसीकॉनच्या यंत्राशेजारी ठेवून ते जुळवून घ्यावे लागते. ते स्वतंत्र साक्षीदार नव्हे.

खरा स्वतंत्र साक्षीदार म्हणजे एअरकोर. फुग्यासोबत सुमारे 30 किलोमीटर उंच गेलेली लांबच लांब, वेटोळी नळी वर जाताना रिकामी होते आणि उतरताना थराथराने हवा भरून आणते. ती हवा लगेच प्रयोगशाळेत प्रमाणित वायूंच्या आधारे मोजली जाते. शिवाय कोणत्या उंचीवर किती वायू होता हे कळल्यामुळे उपग्रहाची प्रत्येक थराबाबतची कमी-अधिक संवेदनशीलता हिशेबात धरता येते. टीसीकॉनचे आकडेदेखील विमान आणि एअरकोरच्या अशाच मोजमापांवर बेतलेले आहेत, हे विसरू नये. पण नळी कुठे उतरेल हे वारा ठरवतो आणि उड्डाणे मोजकीच होतात.

म्हणून दीर्घकालीन कल तपासायचा असेल, तर टीसीकॉन. स्थानिक चूक शोधायची असेल, तर ईएम27/सन. आणि मापनपट्टीवरच शंका असेल, तर एअरकोर. पुण्यात यंत्र मांडणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की पावसाळी ढगांतून ना उपग्रहाला दिसते, ना सूर्यावर विसंबलेल्या यंत्राला. तेव्हा कोरड्या महिन्यांतील पडताळणीवरून जून ते सप्टेंबरच्या तुरळक नोंदींची ग्वाही देता येत नाही.