सेंट जेम्स पार्कची टूर: घ्याच, पण वादाची तयारी ठेवून
इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आलात तर न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमची ही टूर चुकवू नका. ड्रेसिंग रूम ठीकठाक, पण टनेलमधनं बाहेर येऊन डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या राखीव खेळाडूंच्या बाकांवर) बसायला जाम भारी वाटतं. ग्राउंड भर गावात, स्टेशनवरनं चालत जाता येतं आणि तोच तर लोचा आहे राव, साधारण 52 हजार सीट आहेत, वाढवायच्या तर ईस्ट स्टँडमागे लीझेस टेरेसची जुनी संरक्षित घरं आड येतात, म्हणून तो स्टँड बुटकाच राहिलाय. आमच्यातले दोघं तिथंच भांडायला लागले, एक म्हणे नवीन स्टेडियमशिवाय मँचेस्टर सिटी-आर्सेनलसारख्या बड्या क्लबांच्या पंगतीत बसणं नाही, दुसरा म्हणे हे ग्राउंड सोडलं तर क्लबात उरलं काय. मला पहिल्याचं पटतं. 2021 ला सौदी मालक आले, पैसा आला खरा, पण तीन वर्षांत 105 मिलियन पाउंडांवर तोटा दाखवायचा नाही हा 2025-26 सीझनपर्यंत प्रीमियर लीगचा नियम होता, म्हणजे मालक कितीही गडगंज असू दे, कमाई क्लबचीच पाहिजे. मार्च 2025 मध्ये लिव्हरपूलला हरवून लीग कप जिंकला आणि सहा महिने व्हायच्या आत आपला स्टार स्ट्रायकर इसाक त्याच लिव्हरपूलला विकला, बोला आता! बाकी मॅच बघणार असाल तर लेव्हल सेव्हनचं (पार वरच्या मजल्याचं) तिकीट गुडघे बघून काढा, पायऱ्या संपत नाहीत.