अजिनोमोटो: एका बदनाम पाकिटाची खान्देशी स्वयंपाकघरातली परीक्षा

जळगावच्या दाणा बाजारात अजिनोमोटो मागणारे गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. चायनीजच्या गाडीसाठी माल भरायला आलेला पोरगा ते सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरच्या बरोबरीने मोठ्याने मागतो. घरासाठी घेणारी बाई मात्र आजूबाजूला ओळखीचे कोणी नाही ना, हे पाहून आवाज खाली करून मागते. मी दुसऱ्या प्रकारात मोडते. सासऱ्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितले आहे आणि कमी मिठाची भाजी त्यांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून या पदार्थाची एकदा नीट परीक्षा घ्यावी, असे मी ठरवले. "मामी, जराखं टाकी देखा, मंग सांगा," असे म्हणत दुकानदाराने पुडा हातात ठेवला. खाली लिहिलेला अभिप्राय त्या पुड्यातल्या मोनोसोडियम ग्लुटामेट या चव वाढवणाऱ्या क्षाराविषयी आहे आणि तो तब्येतीला घातक असल्याच्या बदनामीविषयीही, कारण या मालाची परीक्षा करताना ती बदनामी बाजूला ठेवताच येत नाही.

प्रथम वस्तू पाहू. ही पूड नव्हे, हे स्फटिक आहेत: साखरेच्या दाण्यासारखे चौकोनी नाहीत, तर बारीक, लांबट, सुईसारखे, आणि तळहातावर घेतले की उजेडात चमकतात. वास जवळजवळ नाही. चिमूटभर जिभेवर ठेवले तर आधी किंचित खारटपणा जाणवतो आणि नंतर जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारी, तोंडाला पाणी सुटवणारी एक बोथट चव राहते, जिला रुचकर म्हणायला मी तरी तयार नाही. एकट्याने खाण्याची ही वस्तूच नाही. पाण्यात ती चटकन विरघळते, त्यामुळे रश्श्यात शेवटी टाकली तरी चालते.

खरी परीक्षा शेवभाजीवर घेतली. भाजलेला कांदा, सुके खोबरे, आले-लसूण आणि घरचा काळा मसाला वाटून, तेल सुटेपर्यंत परतून केलेला एकच रस्सा दोन पातेल्यांत निम्मा निम्मा वाटला. दोन्हींत मीठ नेहमीपेक्षा कमी ठेवले आणि एकात, साधारण अर्धा लिटर रश्श्याला, पाव चमचा अजिनोमोटो घातले. पाव चमचा म्हणजे सुमारे एक ग्रॅम. कोणत्या वाटीत काय आहे, हे घरात कोणालाच सांगितले नाही. सासऱ्यांनी पहिल्या घासातच अजिनोमोटोची वाटी जवळ ओढली आणि "यात मीठ बरोबर आहे" असा निर्वाळा दिला. मुलीलाही तीच आवडली. सासूबाईंनी मात्र दोन्ही वाट्या पुन्हा पुन्हा चाखल्या आणि सांगितले, की तीच वाटी अधिक भरलेली लागते खरी, पण तिच्यात काळ्या मसाल्याचा धूर मागे पडतो. त्यांचे हे निरीक्षण मला सगळ्यांत मोलाचे वाटले, कारण ते तंतोतंत खरे आहे. अजिनोमोटो रश्श्याला अंग देते, पण तिखटाची धार आणि भाजलेल्या खोबऱ्याचा करपट सुगंध यांवर ते एक मऊ पांघरूण घालते. ज्याला ढाब्यावरची चव हवी त्याला हे आवडेल. ज्याला घरची चव हवी त्याने विचार करावा.

बाकीच्या पदार्थांचे थोडक्यात सांगते. घोटलेल्या डाळीत आणि पातोडीच्या रश्श्यात फरक चांगला जाणवला. कढीत घालण्यात अर्थ नाही. वांग्याच्या भरितात तर ते घालूच नये: हिरव्या वांग्याचा भाजका गोडवा, ठेचलेली मिरची, लसूण आणि कांद्याची पात यांची आपापली चव तिथे सुटी सुटी कळायला हवी, ती सगळी एकसुरी होऊन जाते. टोमॅटो भरपूर घातलेल्या भाजीतही फारसा फायदा दिसला नाही आणि त्याचे कारण सरळ आहे, की पिकलेल्या टोमॅटोत हाच ग्लुटामेट मुळातच असतो.

इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ग्लुटामिक आम्ल प्रथम वेगळे केले ते कार्ल रिटहाउझेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८६६ मध्ये, गव्हाच्या चिकट प्रथिनातून. म्हणजे आपल्याकडे खापरावर टाकायचा मांडा हातावर ज्याच्या बळावर न फाटता पसरतो, त्याच प्रथिनातून. पुढे १९०८ मध्ये टोकियो विद्यापीठातील किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातील चवीचे मूळ याच आम्लात असल्याचे दाखवले आणि १९०९ पासून त्याचे क्षारस्वरूप, म्हणजेच मोनोसोडियम ग्लुटामेट, बाजारात आले. आज ते उसाची मळी किंवा कंदमुळांचे पिष्ट यांवर जिवाणू वाढवून, आंबवण्याच्या प्रक्रियेने बनते. या कामी येणारा जिवाणू जपानमध्ये १९५० च्या दशकात सापडला. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या भागातील जैन आणि वारकरी घरांत ते हाडांपासून बनते, माशांपासून बनते, अशी समजूत पक्की आहे. आज ज्या पद्धतीने हा माल तयार होतो, त्या पद्धतीत हाडही नाही आणि मासाही नाही. पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण आहे की नाही, हे मात्र प्रत्येकाने स्वतः पाहून घ्यावे.

आता बदनामीकडे वळू. तिची सुरुवात एखाद्या संशोधनाने नव्हे, तर एका पत्राने झाली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांनी एप्रिल १९६८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकाला कळवले, की तिथल्या चिनी उपाहारगृहांत जेवल्यावर मानेच्या मागे बधिरपणा, अशक्तपणा आणि धडधड जाणवते. त्यांनी स्वतः सोया सॉस, स्वयंपाकातील मद्य, मीठ आणि मोनोसोडियम ग्लुटामेट अशा अनेक गोष्टींवर शंका घेतली होती; लोकांनी त्यांतली शेवटची तेवढी उचलली. पुढच्याच वर्षी जॉन ओल्नी या संशोधकांनी नवजात उंदरांच्या कातडीखाली हे द्रव्य टोचून त्यांच्या मेंदूला इजा झाल्याचे दाखवले आणि भीतीला शास्त्राचा शिक्का मिळाला. पण त्या प्रयोगातील मात्रा पाहिली पाहिजे: शरीराच्या दर किलोमागे अर्ध्या ग्रॅमपासून चार ग्रॅमपर्यंत. साठ किलोच्या माणसाचा हिशेब केला तर किमान तीस ग्रॅम, म्हणजे सात-साडेसात चमचे, आणि तेही तोंडावाटे नव्हे तर सुईने. अन्नातून येणारा ग्लुटामेट बहुतांशी आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. रक्तात त्याचा फारच थोडा भाग पोहोचतो. आईच्या दुधातही मुक्त ग्लुटामेट असतो, हे कळल्यावर तर विष हा शब्द वापरताना निदान जीभ अडखळायला हवी.

माणसांवर झालेल्या चाचण्यांपैकी २००० साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला सर्वांत पटण्यासारखी वाटते. आपल्याला या पदार्थाचा त्रास होतो, असे स्वतःच सांगणाऱ्या १३० जणांना तिच्यात घेतले होते. कोणाला खरे द्रव्य मिळते आहे आणि कोणाला बनावट, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक नव्हते. एका वेळी पाच ग्रॅम, अन्नाशिवाय, इतकी मोठी मात्रा दिली, तेव्हा पहिल्या फेरीत बनावट द्रव्यापेक्षा खऱ्याने अधिक जणांना त्रास झाला, ही गोष्ट खरी आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासले असता प्रत्येक वेळी खऱ्यालाच प्रतिसाद देणारे केवळ दोघे उरले, आणि अन्नासोबत दिल्यावर त्यांचाही त्रास सातत्याने दिसला नाही. माझा यावरून निष्कर्ष असा, की रिकाम्या पोटी मोठी मात्रा घेतल्यास काही जणांचे डोके थोडा वेळ धरू शकते, तोंडावर गरमी येऊ शकते. पण जेवणातल्या चिमटीने माणूस आजारी पडतो, याला आधार नाही. कोणाला दर वेळी त्रास होतच असेल तर त्याने ते टाळावे. त्यासाठी प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही.

किती खावे, याचे उत्तर सर्व संस्था सारखे देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८७ मध्ये रोजची कमाल मर्यादा ठरवण्याची आवश्यकताच नाही, असे म्हटले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये अधिक सावध भूमिका घेतली आणि अन्नात वरून घातलेल्या ग्लुटामेटसाठी दर किलो वजनामागे दिवसाला तीस मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. मला दुसरी भूमिका अधिक उपयोगी वाटते, कारण तिच्यात स्वयंपाकघराला मोजता येईल असा आकडा आहे. साठ किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्याहून किंचित कमी. पंधरा किलोच्या मुलाला जेमतेम ४५० मिलिग्रॅम. माझ्या शेवभाजीत एक ग्रॅम चौघांत वाटले गेले. चायनीजच्या गाडीवर मात्र भर आचेवरच्या कढईत प्रत्येक प्लेटला चमचा रिकामा होताना कोणीही उभे राहून पाहू शकते, आणि ती प्लेट लहान मूल एकटे संपवत असेल तर ही मर्यादा पहिल्या काही घासांतच ओलांडली जाते. आपल्याकडच्या लेबलच्या नियमांतही एक वर्षाखालील बाळांना हा पदार्थ देऊ नये, अशी सूचना आहे.

तरीही गाडीवरच्या नूडल्सविषयी माझी मुख्य तक्रार अजिनोमोटोबद्दल नाही. त्या मंचुरियनचा लालभडक रंग, पुन्हा पुन्हा तापवलेले तेल आणि सोया सॉसवर पुन्हा टाकलेले मीठ यांनी होणारे नुकसान कितीतरी अधिक ठोस आहे. सुरत–नागपूर महामार्गावरच्या काही ढाब्यांत शेवभाजीच्या तर्रीखाली मसाल्याचे वाटण पातळ असते आणि चव या पांढऱ्या स्फटिकांवर तोललेली असते. तिथे आपल्या तब्येतीची नव्हे, पण खोबऱ्याच्या पैशांची फसवणूक नक्की होते. २०१५ मध्ये झटपट नूडल्सवर देशभर जो गदारोळ झाला, त्यातही मुद्दे दोन होते: शिशाचे प्रमाण, आणि ग्लुटामेट घातलेला नाही असे सांगणारा पाकिटावरचा मजकूर. शिशाचा मुद्दा आरोग्याचा होता, दुसरा खरे सांगण्याचा. आपल्या चर्चेत मात्र दोन्हींची भेसळ झाली आणि सगळे खापर अजिनोमोटोवर फुटले. त्या नूडल्सवर घातलेली बंदी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, समजूत तशीच राहिली.

आता ज्या कामासाठी हे पाकीट आणले त्या कामाचे, म्हणजे मिठाचे. खाण्याच्या मिठात वजनाच्या सुमारे ३९ टक्के सोडियम असते आणि मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये सुमारे १२ टक्के. म्हणून मिठाचा काही भाग काढून त्याच्या जागी थोडे अजिनोमोटो घातले, तर एकूण सोडियम खरोखर कमी होते आणि भाजी अळणीही लागत नाही. पण हा हिशेब फक्त मीठ खरेच कमी केले तरच जमतो. नेहमीएवढे मीठ ठेवून वर हे टाकणारा माणूस सोडियम वाढवतो आहे, आणि आमच्या ओळखीपाळखीच्या बहुतेक घरांत नेमके तेच घडते. आमच्याकडे आता रश्श्याच्या भाजीत मीठ पूर्वीच्या दोन-तृतीयांश असते आणि सोबत पाव चमच्याहून कमी अजिनोमोटो. लोणचे आणि पापड सासऱ्यांच्या ताटातून वेगळे काढावे लागले, कारण त्यांतल्या मिठापुढे हा सगळा खटाटोप किरकोळ आहे. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच हा बदल करावा.

शेवटी खरेदीविषयी. बाजारात सीलबंद पाकिटाबरोबरच प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत बांधलेला सुटा मालही 'टेस्टिंग पावडर' म्हणून मिळतो. एका दुकानातून आणलेल्या अशा पिशवीवर ना बनवणाऱ्याचे नाव होते, ना तारीख, ना अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक. स्फटिकही सारखे नव्हते, काही सुईसारखे तर काही मिठाच्या कणांसारखे. ती पिशवी मी वापरली नाही आणि कोणाला घ्यायलाही सांगणार नाही. सीलबंद पाकीट घ्यावे, लहानात लहान घ्यावे, कारण चिमटीने वापरले तर ते कित्येक महिने संपत नाही, आणि पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे. रश्श्याच्या भाज्यांसाठी मी त्याला पाचपैकी साडेतीन गुण देते. उरलेला दीड गुण सासूबाईंच्या काळ्या मसाल्याच्या नावे कापला आहे.