आयडलिंगला बंद पडणारी गाडी आणि ईएलएम ३२७ स्कॅनर: घ्यावा का, आणि घेतला तर त्यात काय बघावं

सिग्नलला गाडी उभी राहिली की आरपीएम खाली येतो, इंजिन थरथरतं आणि बंद पडतं. थोडी रेस धरून ठेवली तर व्यवस्थित चालतं. या दुखण्यात अनेकदा आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग पेट्रोल पंप, आणि गाडी होती तशीच राहते. ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या सॉकेटमध्ये, बसणारा आगपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर ही अंदाजाने चाललेली बदलाबदली थांबवतो का, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे. थांबवतो, पण त्यासाठी नुसते बिघाडाचे कोड वाचून भागत नाही, लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असतानाचे सेन्सरचे आकडे, वाचावा लागतो.

आधी वस्तूबद्दल. ईएलएम ३२७ ही मुळात ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीची चिप. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, आणि स्वस्तातल्या स्कॅनरमध्ये नकलाच असतात. खोक्यावर ‘व्ही १.५’ छापलेलं दिसतं, पण मूळ कंपनीने १.५ आवृत्ती कधी काढलीच नव्हती. म्हणून स्कॅनर टाकाऊ ठरतो असं नाही. कॅन बसवर (माहिती पाठवायच्या नव्या पद्धतीवर) चालणाऱ्या गाड्यांत अशा नकलाही बहुधा काम करतात. ‘व्ही २.१’ छापलेल्या बऱ्याच नकला मात्र निम्म्याअधुऱ्या असतात, आणि के-लाइन या आधीच्या पद्धतीवरच्या जुन्या गाड्यांशी जोडल्याच जात नाहीत. परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. साधा ब्लूटूथ स्कॅनर अँड्रॉइडवर चालतो. आयफोनसाठी ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला लागतो. जोडताना पिन विचारला तर १२३४ किंवा ०००० टाकून बघा. कार्बोरेटरच्या गाडीला याचा काहीच उपयोग नाही, आणि डिझेलला पुढचं फ्युएल ट्रिमचं गणित लागू होत नाही. (ट्रिम म्हणजे ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं तो आकडा: अधिक म्हणजे वाढवलं, उणे म्हणजे घटवलं.)

कोड वाचा, पण लगेच पुसू नका. कोडसोबत साठवलेली फ्रीझ फ्रेम, म्हणजे बिघाडाच्या क्षणीचा आरपीएम, तापमान आणि लोड, आधी लिहून घ्या. पुसलं की तीही जाते. पी०५०६ म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा कमी, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त सिलिंडरांत मिसिंग. यातला एकही कोड कुठला भाग बदला हे सांगत नाही. पी०१७१ वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलणं ही तर नेहमीची चूक, कारण बहुतेक वेळा तो सेन्सर खरंच बोलत असतो.

आता खरं काम. गाडी मोकळ्या हवेत न्यूट्रलला उभी करा, हँडब्रेक ओढा, एसी बंद ठेवा आणि इंजिन ८० अंशांच्या वर तापू द्या. अ‍ॅपमध्ये पाचच गोष्टी निवडा: आरपीएम, शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणीची दुरुस्ती), लाँग टर्म ट्रिम (शिकून साठवलेली दुरुस्ती), कूलंटचं तापमान, आणि गाडीत जो असेल तो मॅप (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर) किंवा मास एअरफ्लो (आत येणारी हवा मोजणारा). एकदम पंधरा आकडे लावले तर हे स्वस्त स्कॅनर इतके रेंगाळतात की आलेखाला अर्थ राहत नाही. दोन मिनिटं आयडलिंगचे आकडे बघा, मग २५०० आरपीएम धरून एक मिनिट. दोन्ही वेळा शॉर्ट आणि लाँग ट्रिमची बेरीज करा. ती अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रण ठीक समजा.

मास एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत आयडलिंगला बेरीज अधिक २० आणि २५०० ला अधिक ४ आली, तर इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढतंय. आयडलिंगला एकूण हवाच थोडी, म्हणून तेवढ्याशा गळतीने मिश्रण बिघडतं. रेस दिली की तीच गळती नगण्य होते. पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत नेणारा) पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप तपासा. ब्रेक दाबल्यावरच बंद पडत असेल तर बूस्टरपासून सुरुवात करा. उलट २५०० ला बेरीज वाढत गेली, तर पेट्रोलचा दाब, फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर. नुसत्या मॅपवर चालणाऱ्या गाडीत मात्र फसायला होतं: तिथे गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही, बरेचदा आयडलिंगच वर जातं.

आयडलिंगला बेरीज बरीच उणे असेल आणि गाडी पेट्रोल भरल्यावर हमखास बंद पडत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलेला असू शकतो. टाकीकडून त्याच्याकडे येणारा पाइप काढा. इंजिन आयडलिंगला असताना आणि व्हॉल्व्हचा कनेक्टर काढलेला असताना बोटाला ओढ लागता कामा नये. कूलंट उणे ४० अंश दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर तुटलेली आहे.

ट्रिम चांगला, पण एसी लावला किंवा स्टीअरिंग पूर्ण वळवलं की इंजिन बसतं? मग थ्रॉटल बॉडीवर कार्बन बसलेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन बंद आणि थंड करा, थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारून पात्याची कड पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं पातं बोटाने जोर लावून उघडू नका, आतले गिअर तुटतात. सफाईनंतर आयडलिंग काही वेळ चढं राहू शकतं, कारण ईसीयू जुन्या कार्बनचा हिशेब धरून बसलेला असतो. त्या मॉडेलची आयडल रीलर्नची (ईसीयूला आयडलिंग नव्याने शिकवायची) पद्धत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून तीच करा.

मर्यादाही लक्षात घ्या. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा दाब स्कॅनरला दिसत नाही, त्याला गेजच हवा. कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हचं क्लिअरन्सही दिसत नाही. तापल्यावर दगा देणारा क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणारा) पकडायला एकट्या आरपीएमचा आलेख लावा: धडपडत, हळूहळू खाली आला तर हवा-पेट्रोलकडे बघा, इंजिन फिरत असतानाच रेघ एकदम शून्यावर पडली तर सेन्सर आणि त्याच्या वायरिंगकडे. मंद नकलेवर हा फरक कधीकधी निसटतो, म्हणून दोनतीनदा बघा.

काम झालं की स्कॅनर काढून ठेवा. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा करंट कायम असतो, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर एवढासा स्कॅनरही बॅटरी उतरवतो.