श्रद्धांजलीचं स्टेटस की हातभार?

कुठे दुर्घटना झाली की श्रद्धांजलीचं स्टेटस टाकणं मोठं की हातभार लावणं? माळीण आठवतंय ना? आंबेगाव तालुका, ३० जुलै २०१४ ची सकाळ, डोंगर खाली आला नि गावच गेलं, १५१ माणसं गेली. एसटीच्या ड्रायव्हरला तिथं गाव दिसेना म्हणून बाहेर कळलं. त्याने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चं स्टेटस टाकलं नाही, खबर दिली, आणि त्यावरच मदत निघाली.

मी स्टेटस टाकणाऱ्यांना नावं ठेवत नाहीये. ज्याचं माणूस गेलंय त्याला चार लोकांनी हात जोडले तरी बरं वाटतं, एकटं वाटत नाही, आणि लांब राहणारा माणूस पहिल्या दिवशी दुसरं काय करणार! पण ते दोन दिवसात खाली जातं.

हातभाराचं तसं नाही. चिखल उपसायला माणसं लागतात, जे वाचले त्यांना घरं लागतात, आणि माळीणच्या लोकांना नवीन गाव मिळेपर्यंत २०१७ उजाडलं, म्हणजे जवळपास तीन पावसाळे ती माणसं कशी राहिली असतील बघा. तेव्हा कोणाच्या स्टेटसला माळीण होतं? पुढे अशाच दरडी कोसळून तळीये झालं, इर्शाळवाडी झाली, स्टेटसचा फोटो बदलला, ओळ तीच.

आमच्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारची काकू पिठलं-भाकरी झाकून आणते, शेजारी बसते, देवाचं नाव घेते नि जाताना भांडी घासून जाते. मला तरी दोन्हीतलं एकच निवडायचं तर ती भाकरीच.